शस्त्रक्रियेनंतर थांबलेले आतडे

आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींची दोन जाळी असतात. एक आतल्या अस्तराखाली, दुसरे स्नायूंच्या दोन थरांमध्ये. अशा पेशी पचनमार्गात कोट्यवधी आहेत. अन्न पुढे ढकलण्याचे काम मुख्यतः दुसरे जाळे करते. जर्मन शास्त्रज्ञ औएरबाख यांनी या जाळ्याचे वर्णन एकोणिसाव्या शतकात केले. मेंदू या जाळ्याला सूचना धाडतो, पण त्या सूचनेवाचून जाळ्याचे काम अडत नाही.

अन्नाचा गोळा आला की भिंत ताणली जाते आणि अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात. शरीरातले बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच असते. त्याने संवेदी मज्जापेशी जाग्या होतात. मग गोळ्याच्या मागचा स्नायू अ‍ॅसिटिलकोलीनमुळे आवळतो, पुढचा नायट्रिक ऑक्साइडमुळे सैल होतो, आणि गोळा पुढे सरकतो.

१८९९ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यांकडे येणारे बाहेरचे मज्जातंतू तोडले. तरीही मागे आवळणे आणि पुढे सैलावणे चालूच राहिले. सैलावणे हेही मज्जापेशींचेच काम आहे, हे हिर्शस्प्रुंग विकारात दिसते. त्यात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशी जन्मतःच नसतात. तो भाग आवळलेलाच राहतो, आणि नवजात बाळाला शी होत नाही.

ही हालचाल थांबली की काय होते, ते माझे अपेंडिक्स फुटल्यावर मला कळले. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली. जखमेचे दुखणे गृहीतच होते, पण त्याहून त्रास झाला तो पोटफुगीचा. पोट टम्म झाले होते, मळमळत होते, भूक नावालाही नव्हती. नाकातून घातलेल्या नळीतून हिरवट पाणी येत होते आणि हाताला सलाइन होते. आतड्यात कुठेही अडथळा नव्हता. ते नुसते निपचित पडले होते.

याची कारणे तीन. आतड्याला हात लागला की बाहेरून येणारे सिंपथेटिक मज्जातंतू त्याच्या जाळ्याला आवर घालतात. पुढे काही तासांत स्नायूंच्या थराला सूज येते. माझ्या पोटात पू झाल्यामुळे ती आधीपासूनच होती. तिसरे कारण वेदनाशामक औषधांचे. मॉर्फिनच्या जातीची औषधे आतड्याच्या मज्जापेशींवरही बसतात आणि अ‍ॅसिटिलकोलीन सुटू देत नाहीत. म्हणून शक्य तिथे ही औषधे कमी करून दुसऱ्या प्रकारची देतात. रुग्णाने मात्र दुखणे अंगावर काढू नये.

साधारणपणे लहान आतडे एका दिवसात हलू लागते, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठे आतडे दोन-तीन दिवसांनी जागे होते. पोटात पू झाला असेल तर याहून उशीर होतो, तसा मलाही झाला. राउंडला आलेले डॉक्टर स्टेथोस्कोप लावून पोटातला आवाज ऐकत, पण त्यांचा भर एकाच प्रश्नावर असे: ‘गॅस पास झाला का?’ भरल्या वॉर्डात, घरच्या माणसांसमोर याचे उत्तर द्यायला संकोच वाटतो. मलाही वाटला. पण वारा सरणे ही मोठ्या आतड्याची मज्जासंस्था पुन्हा कामाला लागल्याची खूण आहे. नळी कधी काढायची, पेज कधी द्यायची, हे ठरवताना डॉक्टर ती खूण विचारात घेतात. तेव्हा हा प्रश्न विचारला गेला तर न लाजता खरे ते सांगावे.