डावखुरी ताराबाई

एचिंग शिकताना वाचणारा माणूस म्हणून मला दाखवला गेला तो रेम्ब्रांटचा यान सिक्स, 1647 चा. खिडकीला टेकून उभा, हातात कागद, आजूबाजूची खोली दाट रेघांत बुडालेली. ती शांतता मी पुढे कित्येक प्लेटांत गिरवली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे काढायला घेतल्या आणि ती काही कामाची राहिली नाही.

त्यांचा खात्रीचा चेहरा माझ्याकडे नव्हता. त्याचं एवढं नाही, खाली मान घालून वाचणाऱ्याच्या पापण्याच तेवढ्या दिसतात. पण त्या वाचत काय होत्या? सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं. पुण्याचे अंक मलकापूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे घाट चढून येत असावेत. असा शिळा अंक हातात धरून संतापलेली बाई मला हवी होती.

पहिल्या जस्ताच्या प्लेटवर कपाळाला आठ्या घातल्या. प्रूफ काढलं, तर डोकं दुखणारी बाई!

माझी आजी पोथी अंगठ्याने दाबून धरायची. घरात काही बिनसलं असलं की त्याच अंगठ्याखाली पानाचा कोपरा चुरगळायचा. दुसऱ्या प्लेटवर तो अंगठा आणला. थोडा वेळ नायट्रिकमध्ये ठेवून प्लेट काढली, धुतली, चेहरा व्हार्निशने झाकला आणि उघड्या बोटांसकट पुन्हा आम्लात सोडली. रेघांवर बुडबुडे धरतात, ते पिसाने सारत बसले. जस्त खोल खाल्लं गेलं की रेघेत शाई जास्त राहते आणि ओल्या कागदावर उठावाने उतरते, हात फिरवला तर बोटाला लागते. अंकाच्या पानाला सुई लावलीच नाही, ते कोरं ठेवलं.

या नादात उलटं छापलं जातं हे विसरले. उजव्या हातात काढलेला टाक गेला डाव्या हातात. प्लेट पुन्हा करायला हवी होती, पण तो अंगठा पुन्हा तसा साधला नसता. आता लोक विचारतात, ताराबाई डावखुऱ्या होत्या का हो?