आगाऊ

‘एक तर माल पाठवा, नाही तर पैसे परत करा. यापुढे कारणे नकोत.’

जुलै २०२२ मधल्या एका रात्री हा निरोप मी मुंबईतल्या एका दुकानदाराला मोबाइलवरून पाठवला. पाठवण्यापूर्वी दोनदा वाचला, शुद्धलेखन तपासले. शिकवण्याच्या व्यवसायात ही खोड अंगी लागते. वाक्यांत चूक नव्हती. मागणीतही नव्हती. पाच महिन्यांपूर्वी मी पैसे भरले होते आणि माल आलेला नव्हता. तरीही त्या तीन वाक्यांकडे आज पाहताना संकोच वाटतो. तो का वाटावा, याचा उलगडा माझा मलाच व्हावा म्हणून हे लिहितो आहे.

प्रकरण तसे क्षुल्लक, गाडीच्या काचेभोवतीच्या रबराचे. गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. बेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांत रबर कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात आणि समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी आत उतरू लागते. साताऱ्याच्या पावसात हे पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरून चालकाच्या पायाशी येते. पाय भिजतात, याचे काही नाही. पण ते पाणी मॅटखाली साचते आणि तळाचा पत्रा आतून कुजवते. आमचे मिस्त्री म्हणाले, ‘सर, इंजिन केव्हाही बांधून देतो. पत्रा एकदा खाल्ला की गाडी गेली.’ पाऊस सुरू होण्यापूर्वी रबर बदलणे भाग होते.

ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या बाजारातले एक दुकान या गाडीच्या मालासाठी जाणकारांत प्रसिद्ध होते. पूर्वी मी तिथे एकदाच गेलो होतो. अरुंद, खोल दुकान. छतापर्यंत लाकडी खण. खणांवर शाईने लिहिलेले क्रमांक, त्यांतले निम्मे पुसट झालेले. सत्तरीकडे झुकलेले मालक त्या क्रमांकांकडे पाहतही नसत. भागाचे नुसते नाव घेतले की ते विचारत, ‘गाडी कोणत्या सालची?’ साल सांगितले की हात थेट त्या खणात. एकाच भागाचे दोन-तीन प्रकार त्यांच्याकडे असत: कंपनीचा, कंपनीला पुरवणाऱ्याचा आणि ज्याला बाजारात सरसकट ‘लोकल’ म्हणतात तो. कोणता कुठे चालेल, कुठे चालल्यासारखा वाटेल आणि सहा महिन्यांत दगा देईल, हे ते सांगत. पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्या संशोधकाला जी नजर लागते, तीच मला तिथे दिसली होती आणि मी भारावून गेलो होतो. भारावून जाण्याला पैसे पडत नाहीत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मी फोनवरून मागणी नोंदवली: पुढच्या-मागच्या काचांची रबरे, चारही दारांचे बीडिंग आणि किंगपिनचा संच. आगाऊ रक्कम साडेसहा हजार रुपये. किंगपिन पंधरा दिवसांत आले. रबर आले नाही.

मग कारणे सुरू झाली. ‘सर, डाय मोडली आहे, नवी टाकली आहे.’ ‘सर, कारखान्यात माणसे नाहीत.’ मे महिन्यात: ‘सर, माल गाडीत चढवला, बिल्टी नंबर संध्याकाळी देतो.’ ती संध्याकाळ उजाडली नाही, असे लिहिण्याचा मोह होतो. वस्तुतः ती आली, गेली, आणि मागोमाग पाऊसही आला. मी काचेच्या कोपऱ्यात मेण भरले, मॅटखाली वर्तमानपत्रे पसरली. दरम्यान कोल्हापूरच्या एका पद्मिनीधारकाशी ओळख झाली. त्यांनीही त्याच दुकानातून ब्रेकचे व्हील सिलिंडर मागवले होते आणि चार महिने वाट पाहिली होती. त्यांचा माल ज्या आठवड्यात सुटला, ती तारीख आम्ही ताडून पाहिली. मी पैसे भरल्याच्या नंतरचा आठवडा.

म्हणजे माझ्या आगाऊ रकमेतून त्यांचा माल आला होता, आणि माझा माल यायचा तर माझ्यामागून कोणीतरी पैसे भरायला हवे होते. हे लक्षात आले त्याच रात्री मी तो निरोप पाठवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. ‘बरोबर आहे सर. थोडे थोडे करून देतो.’ रबराचे चार हजार दोनशे रुपये तीन हप्त्यांत परत आले. शेवटचा हप्ता सप्टेंबरात. त्यासोबत एक ओळ होती: ‘सर, आपला हिशेब मिटला.’ त्या वेळी मला केवळ सुटकेचा भाव जाणवला.

ऑक्टोबरात मी रबर दुसरीकडून मागवले. चकचकीत वेष्टन, तीन दिवसांत घरपोच. मिस्त्रींनी जुने रबर काढले, नवे काचेवर चढवले, त्याच्या खाचेत दोरी ओवली, साबणाचे पाणी लावले आणि काच चौकटीत बसवून आतून दोरी ओढत नेली. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावर उलटत जाते. चाळीस वर्षांपूर्वीही हे काम असेच होत असे. तीन बाजू बसल्या. चौथ्या बाजूला कड उलटेना. रबराची खाच पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित अरुंद होती. ‘लोकल,’ मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी कोपरा सीलंटने भरून दिला. पुढच्या पावसात पाणी त्याच कोपऱ्यातून आले.

ते दुकान का बुडत होते, याचा विचार मी तोवर केला नव्हता. केला तेव्हा लक्षात आले की त्याचे उत्तर मुंबईच्या रस्त्यांवर अनेक वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनवल्या. लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून जिला लाडाने हिणवले ती १९५० च्या दशकातली. १९६४ मध्ये आलेली ११०० डी पुढे १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली गेली. एक हजार एकोणनव्वद सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, मागे कमानपाटे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि घरगुती गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळले. पद्मिनीला तगवले ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीने. मुंबईत एके काळी अशा हजारो टॅक्सी दिवस-रात्र धावत होत्या आणि त्यांतली प्रत्येक टॅक्सी क्लच प्लेट, ब्रेक शू, किंगपिन आणि रबरे झिजवत होती. माझ्या गाडीचा भाग शंभर रुपयांना मिळत होता, कारण कोणी टॅक्सीवाला तोच भाग दर दोन वर्षांनी विकत घेत होता.

शतक पालटता पालटता पद्मिनीचे उत्पादन थांबले. टॅक्सींच्या वयाला महाराष्ट्रात २००८ मध्ये पंचवीस वर्षांची मर्यादा आली. २०१३ मध्ये ती वीसवर आणली गेली. ताडदेवच्या आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, छायाचित्रे आली. मीही ती कौतुकाने पाहिली, आणि मग अचानक त्या खोल दुकानाची आठवण झाली. खणांतला तो सगळा माल माझ्यासारख्या हौशी माणसासाठी कधी आणलेलाच नव्हता. तो टॅक्सीवाल्यांसाठी होता; त्यांच्या गरजेच्या ताटातले चार घास आम्ही रसिक म्हणून उचलत होतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट अपरिचित नसावी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये पाठ्यपुस्तकांची झुंबड उडते. गाईडे आणि वह्या घेणारे पालक काउंटरशी दाटीने उभे असतात आणि त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर एखादा कवितासंग्रह वर्षानुवर्षे शांतपणे पडून असतो. आपण तो शोधून काढतो, दुकानदाराच्या अभिरुचीला दाद देतो आणि त्या गर्दीकडे किंचित वरून पाहत बाहेर पडतो. दुकानाचे भाडे मात्र ती गर्दी भरत असते. गर्दी गेली की फळीही जाते. मग आपण ‘वाचनसंस्कृती’ या विषयावर लेख लिहितो.

‘आगाऊ’ हा आपल्या भाषेतला गमतीदार शब्द आहे. आधी दिलेले पैसे आगाऊ, आणि आपली पायरी न ओळखता पुढे पुढे करणारा माणूसही आगाऊ. मी एकाच व्यवहारात दोन्ही अर्थ सार्थ केले होते, असे आता वाटते. अर्थात दुकानदाराला यातून सोडून देता येत नाही. माल निघालेला नसताना तो निघाला म्हणून सांगणे हे खोटेच, आणि एकाच्या पैशांनी दुसऱ्याची मागणी भागवायची असेल तर ते पहिल्याला सांगायला हवे. माझा हक्क खरा होता. पण मी स्वतःला निव्वळ ग्राहक समजत होतो, ही समजूत चुकीची होती. ग्राहक वस्तूची किंमत देतो. बनणेच थांबलेल्या वस्तूची किंमत एकट्या ग्राहकाने देऊन भागत नाही, कारण वस्तूबरोबर तिच्या साच्याचा, साठवणीचा आणि ती ओळखणाऱ्या माणसाचाही खर्च त्यात असतो. तो खर्च पूर्वी टॅक्सीवाले उचलत. त्यांच्यानंतर तो कोणी उचलायचा, हा प्रश्न माझ्यासमोर होता आणि मी त्याला चार हजार दोनशे रुपयांचा प्रश्न समजलो.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. परवाना राज्याच्या त्या काळात लोक पैसे भरून फियाटसाठी वर्षानुवर्षे वाट पाहत. माझी गाडीही कोणीतरी अशीच वाट पाहून घेतलेली असणार. तीच गाडी जपण्याचा मोठेपणा मिरवणारा मी पाच महिन्यांत हातघाईवर आलो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी दुकानात फोन केला. मालकांनी आवाज ओळखला. थोडे थांबून म्हणाले, ‘बोला सर. आपला हिशेब तर मिटलाय ना?’

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच शंका आली असावी की काही राहिले आहे. मी म्हणालो, ‘शेठ, रबर हवे आहे. ते नेमके कशामुळे अडले, तेवढे सरळ सांगा.’ या वेळी त्यांनी सरळ सांगितले. डाय खरोखरच निकामी झाली होती. तापलेले रबर त्या डायच्या छिद्रातून लांब पट्टीसारखे बाहेर काढतात, मग मापाने कापून टोके जोडतात. छिद्राचा आकार जरा चुकला की खाच चुकते. नवी डाय करायला पैसे लागत होते, आणि कारखानदार पन्नास संचांपेक्षा कमी मालासाठी यंत्र सुरू करायला तयार नव्हता. ‘आधी टॅक्सीवाले होते तेव्हा पन्नास महिनाभर पुरत नव्हते, सर. आता पन्नास कोणाला विकू?’ माझ्या पैशांचेही त्यांनी आपण होऊन सांगितले: ‘तुमचे पैसे कोल्हापूरच्या पार्टीच्या मालात गेले. चूक झाली. बोलायला तोंड नव्हते, म्हणून बिल्टीचे बोललो.’

कोल्हापूरचे गृहस्थ आणि मी कामाला लागलो. सातारा, सांगली, पुणे, नाशिक इथल्या पद्मिनीधारकांना गाठले. बरेच जण दुकानाचे नाव काढताच हसले. दोघांनी आपापल्या बुडालेल्या रकमा सांगितल्या. अखेर एकोणीस जण तयार झाले. आम्ही तेवीस संचांचे पैसे आणि डायचा खर्च एकत्र केला आणि ते पैसे कशासाठी आहेत, हे कागदावर लिहून दिले. जुना संच नमुना म्हणून पाठवला. दर आठवड्याला फोन करायचा नाही, असे आपसांत ठरवले. हे ठरवणे सर्वांत कठीण गेले.

मालाला पाच महिने लागले. मे २०२४ मध्ये पार्सल आले, बिल्टी नंबर आदल्या दिवशीच आला होता. मिस्त्रींनी पुन्हा दोरी ओवली. चारही बाजूंची कड उलटली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मी गाडी मुद्दाम बाहेर उभी केली आणि मॅट उचलून पाहिली. खाली कोरडे होते.

त्याच आठवड्यात मुंबईला जाणे झाले, तेव्हा दुकानात डोकावलो. खण पूर्वीपेक्षा रिकामे दिसत होते आणि अर्ध्या भागात दुसऱ्याच कोणाचा तरी मोटारसायकलींचा माल लागला होता. आमच्या रबरांचे उरलेले सत्तावीस संच मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले होते. त्यांचे पैसे मालकांनी घातले होते. मी विचारले, ‘शेठ, हे जातील का?’

त्यांनी भिंतीकडे पाहिले. ‘बघू सर,’ ते म्हणाले. ‘कोणीतरी विचारत येईल, तेव्हा नाही म्हणायला लागू नये.’

मी एक जादा संच मागितला. त्यांनी आधी विचारले, ‘गाडी एकच ना तुमची?’ मी हो म्हणालो. ते काही बोलले नाहीत. काठीने एक रबर खिळ्यावरून उतरवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पावती लिहायला घेतली.