प्रौढांसाठी, वय वर्षे दहाच्या पुढे

रोल-प्लेइंग गेम हा लहानांचा खेळ की मोठ्यांचा? आमच्यासारख्या शनिवारी रात्री फासे घेऊन बसणाऱ्या आयटीवाल्यांत हा वाद कायमचा. "पोरांना घेतलं की राक्षस कार्टूनमधले होतात, कुणी मरत नाही, आणि आपण पाळणाघर चालवतो" असं एक पार्टी म्हणते. दुसरी म्हणते, "अरे, मुळात हा पोरखेळच आहे, लाजता कशाला?"

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकजण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, आपण काय करणार ते बोलायचं. जिथे खात्री नाही तिथे फासे टाकायचे. भातुकलीला नियम जोडले की जे होईल ते, बस्स.

गंमत म्हणजे खेळ विकणाऱ्यांचंही हे कधी नक्की ठरलं नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला तो युद्धखेळांच्या शौकिनांसाठी. १९७७ च्या नवशिक्यांच्या पेटीवर तो 'प्रौढांचा' खेळ असल्याचं छापलं होतं. १९८१ च्या पेटीवर तर कहरच: तीन किंवा अधिक प्रौढांसाठी, वय दहाच्या पुढे! १९८३ मध्ये त्याचं मुलांसाठी कार्टून आलं. त्याच काळात अमेरिकेत काही पालकांनी हा सैतानाचा खेळ म्हणून ओरड केली, आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून सैतान गायब झाले. (पुढे नावं बदलून परत आले, तो भाग वेगळा.)

आपल्या मोक्षपटाचं तरी काय झालं? पाप-पुण्याची घरं आणि शेवटी मोक्ष असा तो पट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला पोचला आणि त्याची मुलांची सापशिडी झाली. हळूहळू घरांची नावं गेली, साप तेवढे उरले.

माझं मत पक्कं झालं ते मात्र काष्टीत. अहिल्यानगर जिल्ह्यातलं (आमच्या तोंडी अजून नगरच), श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी हे माझं आजोळ. दर शनिवारी तिथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. या मे महिन्यात मामांकडे नऊ ते तेरा वयाची चार पोरं जमली होती. ड्रॅगनमध्ये त्यांना शून्य रस. मग खेळ मांडला बैलबाजाराचा. एक शेतकरी, एक व्यापारी, एक दलाल. चौथीने स्वतःहून शेतकऱ्याची बायको मागून घेतली. नियम अर्ध्या पानात बसले: एक बैलजोडी, थोडं कर्ज, दोन फासे, आणि भाव उपरण्याखाली बोटं दाबून ठरवायचा, जुन्या पद्धतीने. पुढे काय होईल ते मी पोरांवर सोडलं.

पहिल्याच सौद्यात व्यापारी (वय वर्षे दहा) म्हणाला, "ह्यो एक म्हातारा हाय, ह्याला कोन घेतंय?" मग बायकोने विचारलं, "लम्पी आला तर?" २०२२ च्या सप्टेंबरात लम्पीमुळे राज्यभरातले जनावरांचे बाजार बंद झाले होते, ते या पोरांच्या चांगलंच लक्षात होतं. फासे टाकले. दोन एक्के. बाजार बंद!

चारा संपत आलेला, कर्जाचा हप्ता डोक्यावर, दारात म्हातारा बैल. पाऊण तास चौघं जीव तोडून भांडली. शेवटी बायको म्हणाली, "माझी बोरमाळ गहाण टाका. पण पावसाळ्यात सोडवायची." बैल राहिला.

इतका वेळ "काय पोरखेळ लावलाय" म्हणणारे मामा कधी बाज ओढून जवळ आले, कळलंच नाही. म्हणाले, "आम्ही इकला व्हता." एवढंच. पुढचं ते पोरं झोपल्यावर बोलले, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून मला वाटतं की 'मुलांसाठी' म्हणताना आपण चुकीच्या ठिकाणी कात्री लावतो. नियम कापा ना! दोनशे पानांचं पुस्तक अर्ध्या पानावर आणा. रक्ताचं वर्णन नको, शृंगार नको, कबूल. पण परिणाम कापू नका. हरणं, गमावणं, कर्ज हे सगळं मुलांच्या घरात असतंच. खेळात निदान त्यावर त्यांना बोलायला तरी मिळतं.

आणि मोठ्यांना स्वतःचं वेगळं टेबल हवं का? हवं. पण ते जास्त रक्तपातासाठी नाही, तर मामा जे पोरांसमोर बोलले नाहीत त्यासाठी.

या सुट्टीत घरात पोरं जमली तर करून बघा. ड्रॅगन नसला तरी चालेल. त्यांच्या घरात सध्या कशाची चिंता आहे ते हळूच ऐका, दोन फासे घ्या, आणि मोठ्यांपैकी कुणाची बाज जवळ सरकते त्याकडे लक्ष ठेवा.