कडी लावलेला रुपया

गेल्या शनिवारी बेसिनचा नळ गळत होता म्हणून धायरी फाट्यावरून एका प्लंबरकाकांना बोलावलं. वायसर बदलता बदलता ते म्हणाले, "आमचे वडील भोकाचा पैसा घालायचे. दुकानातल्या वायसरपेक्षा स्वस्त!" आधी हसू आलं, मग पटलं. हा पैसा १९४३ ते १९४७ मध्ये निघाला. महायुद्धामुळे तांब्याची टंचाई, म्हणून नाण्याच्या मधला धातूच काढून टाकला. सरकारने पैसा पाडला आणि लोकांना आयता वायसर मिळाला. (आमच्या बाबांच्या करदोट्यातही एक होता म्हणे.)

काका गेले, पण माझ्या डोक्यात घरात सध्या पेटलेला वाद सुरू झाला. वादाचा विषय पणजीची माळ.

माळ म्हणजे काय, तर चांदीचे चौदा रुपये, प्रत्येकाला वर कडी झाळलेली, आणि सगळे एका काळ्या गोफात ओवलेले. पुतळ्यांची माळ ही तिची श्रीमंत बहीण. पुतळी मूळची कुठली माहितेय? व्हेनिसची! तिथल्या सोन्याच्या डकटवर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला सत्ताधीश असायचा. आपल्याकडे संत मार्कला कोण ओळखतंय? बायकांना त्या पुतळ्या दिसल्या, मग काय, कडी लावली आणि घातल्या गळ्यात. पुढे सोनार स्वतःच तशा पुतळ्या पाडायला लागले. व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये बुडालं, पुतळी अजून लग्नात मिरवतेय.

असो. आमच्याकडे सोनं कुठलं, रुपयेच होते. पण तो रुपयाही काही कमी नव्हता बरं का. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा, आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १९४० पासून सरकारने ती ५० टक्क्यांवर आणली. पणजीची नाणी सगळी त्याआधीची.

आतेभावाने माळ भिंगाखाली घातली आणि त्याला सापडला १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. या नाण्याची भानगड प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक बारीकसा हत्ती आहे, तो लोकांना डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा काढला. त्यामुळे १९११ चा रुपया संग्राहकांना हवा असतो. एका नाणीवाल्याला दाखवला तर तो म्हणाला, कडी नसती तर चांगले पैसे आले असते, आता फक्त चांदीचा भाव. झालं! आतेभाऊ म्हणे, नऱ्ह्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कडी घासून काढू, बफ मारू, कोणाला कळणार नाही. त्याच्या पोरीची इंजिनिअरिंगची फी भरायचीय, तेव्हा त्याला हावरट म्हणणं सोपं नाही.

आजी (वय वर्षं ८९) सोफ्यावर बसून ऐकत होती. मी विचारलं, "आजी, या कड्या लावल्या कशाला गं?" तिने सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. पणजोबांना जुगाराचा नाद. भोरकडच्या गावात पणजी दूध-तूप विकायची, आणि घरात सुटा रुपया दिसला की तो संध्याकाळपर्यंत गायब. मग तिने एक एक रुपया सोनाराकडे द्यायला सुरुवात केली. कडी लागलेला रुपया वाणी घेत नाही, फडावरही चालत नाही. मोडायचा तर सोनाराकडेच जावं लागतं, आणि सोनार तिच्या माहेरचा! चौदा रुपये जमायला किती वर्षं लागली ते आजीलाही सांगता येईना. "दोनदा मोडायची वेळ आली होती," एवढंच म्हणाली.

आमच्या भाषेत सांगायचं तर पणजीने नाण्याला पासवर्ड लावला होता :)

नाणीवाला ज्याला खराबी म्हणतो ती ही कडी. आणि ती घासली तरी डाग राहतो, जाणकाराला लगेच कळतो, हे त्यानेच नंतर फोनवर सांगितलं. म्हणजे माळही तुटली असती आणि भावही आला नसता.

फीचं आम्ही तिघा भावंडांनी मिळून बघायचं ठरवलंय. माझ्या बायकोला हे फारसं पटलेलं नाही, आणि तिचंही चूक नाही. माळ आत्याने स्वतःच्या कपाटात नेऊन ठेवली आहे. आतेभाऊ मात्र अजून रोज रात्री १९११ च्या लिलावांचे स्क्रीनशॉट पाठवतो.