पाणी येणारच, असं धरून

पाण्याखाली मोटर चालवणं आपल्याकडे नवीन नाही. बोअरवेलमधली सबमर्सिबल मोटर वर्षानुवर्षं पाण्यात राहून काम करते. पुष्कळ मोटरींच्या तर पोटातच पाणी भरलेलं असतं; वायंडिंगच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टण असतं, म्हणून ते चालतं. मोटरीचा स्टार्टर मात्र वर, कोरड्या भिंतीवर असतो. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतल्या तळमजल्यावरच्या मीटरखोल्या बुडाल्या. अशा वेळी पाण्यातल्या पंपाला काही होत नाही, जातं ते स्टार्टरचं पॅनेल. मोटर पाण्यात नांदायला शिकली आहे, तिला हुकूम देणारं यंत्र अजून शिकलेलं नाही.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात मी मोटरींचे वेग-नियंत्रक बनवतो. पाण्याखालच्या नियंत्रकाचं वेड मला लागलं ते याच कोड्यामुळे. शेजारी पवईला आयआयटीतले विद्यार्थी ‘मत्स्य’ नावाची स्वयंचलित पाणबुडी बांधतात आणि अमेरिकेतल्या रोबोसब स्पर्धेत उतरवतात. तिच्यात माणूस बसत नाही. माणूस बसेल अशी पाणबुडी घरी बांधणारेही जगात आहेत. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन जॉर्ज किट्रेज यांनी के-350 या छोट्या पाणबुडीचे आराखडे विकले. 350 फूट, म्हणजे सुमारे 107 मीटर खोलीसाठी. हौशी मंडळी अशा पाणबुड्यांना बहुधा मासेमारीच्या होडीची बॅटरीवरची मोटर लावतात.

आता या मोटरीचा नियंत्रक ठेवायचा कुठे? माणसाशेजारी, कोरड्या जागेत ठेवला तर हाताशी राहतो. पण मग मोटरीचा सगळा प्रवाह जाड केबलींनी पाणबुडीच्या भिंतीतून आरपार न्यावा लागतो आणि उष्णताही आतच साठते. बाहेर, मोटरीजवळ ठेवला तर भिंतीतून फक्त बारीक सिग्नलच्या तारा जातात आणि थंड करायला अख्खा समुद्र असतो. मी बाहेरच्या बाजूचा आहे.

बाहेर म्हटलं की पहिला विचार येतो तो घट्ट डब्याचा: जाड झाकण, ओ-रिंग, वरून एपॉक्सी. पण हिशेब करा. दर 10 मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे 1 किलो भार वाढतो. 20 बाय 15 सेंटीमीटरच्या झाकणावर 30 मीटर खोलीत 900 किलो होतात. आत हवा असली की समुद्र तो भार घेऊन सतत दार ठोठावतो. डब्यावर आयपी-67 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 1 मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच.

म्हणून आत हवाच ठेवायची नाही. डबा ट्रान्सफॉर्मर ऑइलने काठोकाठ भरायचा आणि एका बाजूला नायट्राइल रबराचा पडदा लावायचा; साधं रबर तेलात फुगतं. बाहेर दाब वाढला की पडदा तेवढाच दाब तेलाला देतो. झाकणावर भार उरत नाही. पडद्यामागे हलकी स्प्रिंग दिली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरा जास्त राहतो. मग ओ-रिंग चुकलीच, तर आधी तेल बाहेर येतं. पृष्ठभागावर दिसलेला तेलाचा तवंग ही पाणी आत शिरण्याआधीची सूचना असते.

तेलात बसवायचे सुटे भागही पारखून घ्यावे लागतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या डबीत पोकळी असते, ती दाबाने चेपते. तिथे सिरॅमिक कपॅसिटर घालावे. मोटरीचा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर म्हणजे मॉसफेट; 50 अँपिअरला 2 मिलिओमचा मॉसफेट जेमतेम 5 वॉट उष्णता देतो, ती तेल सहज वाहून नेतं. तेल भरताना व्हॅक्यूम लावून बुडबुडे काढायचे, कारण प्रत्येक बुडबुडा म्हणजे दाबाला सापडलेली पोकळी.

सगळ्यात लबाड जागा केबलची. वरचं आवरण धड असतं, केबल जिथे डब्यात शिरते तिथला ग्लँड घट्ट असतो, तरी पाणी केबलच्या दुसऱ्या टोकातून शिरतं आणि बारीक तारांमधल्या फटींतून वातीसारखं चढत येतं. त्यावर उपाय आहे. डब्याजवळ बोटाच्या पेराएवढं इन्सुलेशन सोलायचं, तारांमध्ये सोल्डर पूर्ण झिरपू द्यायचं आणि तो उघडा भाग एपॉक्सीत गाडायचा. तारांमधली वाट तिथे बंद होते. एका केबलला दहा मिनिटं लागतात, आणि नेमकं हेच काम घाईत वगळलं जातं.

इतकं करूनही पाणी कधीतरी येणारच. पाण्याने मॉसफेट जळला, तर तो बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे मोटर थांबत नाही, पूर्ण वेगाने सुटते. पाण्याखाली बसलेल्या माणसासाठी याहून वाईट काही नाही. म्हणून बॅटरी आणि नियंत्रक यांच्यामध्ये वेगळा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलवर चालणारा मोठा स्विच, हवा. त्याची कॉइल पाणबुडीच्या आतल्या स्विचवर चालावी आणि स्विच सोडला किंवा तार तुटली की वीज तुटावी.

कुणी असा नियंत्रक बांधायला घेणार असेल, तर माझं सांगणं एवढंच: आधी थांबवायची सोय बांधा, ती बादलीत बुडवून तपासा, मगच वेगाच्या मागे लागा.