एकच चूक माफ

संगणकावर छपाईची पाने लावणाऱ्या पेजमेकरचा स्वभाव हट्टी. झालेली चूक मागे घेऊ द्यायचा, पण शेवटची, तेवढी एकच. त्याआधीच्या चुकीसाठी गयावया केली तरी उपयोग नाही. म्हणून त्याच्यापाशी बसणारा ऑपरेटर आधी विचार करायचा, मग माऊस हलवायचा. आणि हात अधूनमधून आपसूक कंट्रोल-एसवर जायचा.

पेजमेकरचा जन्म १९८५चा, सिएटलच्या आल्डस कंपनीत, मॅकिंटॉशसाठी. कंपनीला नाव दिले होते व्हेनिसच्या जुन्या मुद्रकाचे, आल्डस मनुटियसचे. संस्थापक पॉल ब्रेनर्ड वर्तमानपत्राच्या धंद्यातून आलेले. तिथल्या पेस्टिंगच्या टेबलासारखी मोकळी जागा पडद्यावरही पानाभोवती होती. फोटो, जाहिरात, उरलेली चौकट तिथे काढून ठेवायची. पान बदलले तरी ती तिथेच दिसायची.

मजकूर पेजमेकर ओतून घ्यायचा. कॉलम भरला आणि मजकूर उरला, की तळाशी छोटा लाल त्रिकोण. त्यावर क्लिक करायचे, पुढच्या कॉलमात नेऊन सोडायचे. दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानावर हा त्रिकोण दिसला की संपादकांना फोन जायचा, ‘‘साहेब, चार ओळी कापा.’’ कोणत्या, ते पेजमेकर सांगणार नाही.

मराठी त्याला ठाऊकच नव्हती. श्रीलिपी, आकृतीसारखे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, रफार बसवायचे. तो बापडा इंग्रजी समजूनच ते लावायचा. हायफनेशन चालू राहिले तर मराठी शब्द भलत्याच ठिकाणी तोडून मोकळा. मुद्रितशोधक वैतागायचे. तरी लग्नपत्रिकेपासून कथासंग्रहापर्यंत सगळे त्याच्याच हातून गेले.

१९९४मध्ये अॅडोबीने आल्डस घेतली, १९९९मध्ये त्याच कामासाठी इनडिझाइन आणले. २००१ची ७.० ही पेजमेकरची अखेरची आवृत्ती. आपल्याकडचे डीटीपीवाले मात्र पुढे कितीतरी वर्षे ६.५ सोडायला तयार नव्हते. फॉन्ट पैसे मोजून घेतलेले, शॉर्टकट बोटांत बसलेले, जुन्या पत्रिकेच्या फाइलीत वधूवरांची नावे बदलली की नवी पत्रिका तयार.

या हट्टाची किंमत आता प्रकाशक मोजतात. पुस्तकाची फाइल सीडीवर असते, पण ती उघडणारे मशीन नसते. मशीन मिळाले तर तो फॉन्ट नसतो, आणि फॉन्टशिवाय पानभर नुसती रोमन गिचमिड. युनिकोडमध्ये बदलून घेतले तरी जोडाक्षरे तपासत बसावे लागते. शेवटी प्रकाशक छापील प्रतच टायपिस्टपुढे ठेवतो आणि विचारतो, ‘‘पानामागे किती घ्याल?’’