पूर्णेकाठची पांढरी

नदीकाठचे गाव म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वाई किंवा पंढरपूर उभे राहते. काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, ओवऱ्या, दीपमाळ. हे चित्र घेऊन अमरावती-अकोल्याच्या पूर्णाकाठावर गेलो तर हाती फारसे काही लागत नाही. या खोऱ्यातला गाळ शेकडो फूट जाड आहे, दगड हवा तर लांबून आणावा लागतो. दर्यापूर तालुक्यातल्या लासूरचे यादवकालीन आनंदेश्वर मंदिर या मातीच्या मुलखात म्हणूनच पाहुण्यासारखे वाटते. बाकी सारा काठ मातीचा आहे. मातीच्या भिंती, मातीची धाबी, आणि भिंती कोसळल्या की त्यांच्याच ढिगावर पुन्हा उभी राहिलेली घरे. वऱ्हाडी माणूस गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतो आणि शेताला ‘काळी’. राख, शेण, खापरे आणि पडक्या भिंती यांची शतकानुशतके साचत गेलेली ती उंची म्हणजे पांढरी. पूर आला की गावाला तीच वाचवायची. या गावांचा इतिहास देवळाच्या शिलालेखात शोधण्यापेक्षा या उंचवट्यात शोधावा, असे मला वाटते. आणि त्यांच्या पुनरुज्जीवनाचा विचारही घाटाच्या नकाशाने सुरू न करता, माणसे इथे येऊन राहिली कशासाठी, या प्रश्नाने सुरू करावा.

चांदूर बाजार तालुक्यातल्या फुपगावचे उदाहरण घ्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या नागपूर शाखेने २०१८-१९ मध्ये तिथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सातव्या ते चौथ्या शतकांतली, लोहयुगातली वसाहत उजेडात आली. पूर्णेच्या एका मोठ्या वळणावर ही वस्ती होती. घरांच्या जमिनी, मणी, खापरे असे तिचे अवशेष मिळाले. त्या अहवालातल्या दोन गोष्टी मला त्या मण्यांहून मोलाच्या वाटतात. एक, वस्तीचा सुमारे तिसरा भाग पाण्याने खरवडून नेला आहे. दोन, एके काळी बारमाही असलेली ही नदी आज वरच्या अंगाच्या धरणामुळे तिथे कोरडी आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला पूर्णेने जे दिले आणि जे हिरावून घेतले, ते दोन्ही तिच्यात पाणी होते म्हणून. आजच्या फुपगावाजवळ त्या व्यवहाराची एकच बाजू उरली आहे. पावसाळ्यात आठवडाभर येणारा पूर अजूनही काठ खातो, पण उरलेले वर्षभर नदी काही देत नाही.

आता या काठाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य, जे बाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. पूर्णा बैतुल जिल्ह्यातल्या सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलडाणा ओलांडत पश्चिमेला जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. या वाटेवर तिच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. जमिनीखालचे पाणी इतके खारे की विहीर खणली तरी पिकाला देता येत नाही आणि माणसाला पिववत नाही. हवामान बदलाशी जुळवून घेणाऱ्या शेतीसाठी राज्याने हाती घेतलेल्या ‘पोकरा’ प्रकल्पात या खोऱ्यातली ९३२ खारपाणग्रस्त गावे धरली गेली, यावरून व्याप्तीचा अंदाज यावा. या खारेपणाची सर्वांत बोलकी साक्ष मात्र राजकीय इतिहासात आहे. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडाने काय करायचे? अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याच्या विहिरी उपयोगी पडल्या. त्या विहिरींचे पाणी आटवून एप्रिल १९३० मध्ये तिथे मीठ करण्यात आले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, ते योग्यच. पण तिच्यातच दडलेला दुसरा अर्थ सांगायचा राहून जातो. ज्या गावाच्या विहिरीतून मीठ निघते, ते गाव प्यायचे काय?

ते नदीचे पाणी प्यायचे. आणि पूर ओसरल्यावर नदीच्या वाळूतले. पात्रातली रेती हातभर उकरली की झिरा लागतो. पावसाचे, वरून आलेले गोडे पाणी रेतीच्या थरात साठून राहते, गाळले जाते आणि उन्हाळ्यातही हंडाभर मिळते. काळ्या मातीच्या पोटात खारे पाणी आणि नदीच्या रेतीत गोडे, अशी ही विभागणी आहे. गावे काठाला चिकटून का वसली, हे कळायला यापुढे दुसरे कारण शोधण्याची गरज मला दिसत नाही. धर्म मागून आला आणि तोही याच वाटेने आला. अकोल्याच्या राजराजेश्वराला श्रावणात जी कावड जाते ती गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी घेऊन जाते. शहराची स्वतःची मोर्णा नदी दाराशी असताना लोक ‘भरणे’, म्हणजे कावडीची पाण्याची भांडी, खांद्यावर घेऊन सुमारे अठरा किलोमीटर चालतात. ही परंपरा १९४४ च्या दुष्काळाशी जोडली जाते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. (कावड श्रावणात निघते म्हणून बरे. चैत्रात निघती तर भरणे भरायचे कुठे, हा प्रश्न मंडळांना पडला असता.)

झिऱ्यावर केवळ हंडे भरत नव्हते. भोई आणि ढीवर यांचा मासा, पावसाळ्यात पार करणारा डोंगा, परटांची धुणी आणि उन्हाळ्यात रेतीत लावलेली डांगरवाडी, हे सगळे त्याच ओलीवर उभे होते. डांगरवाडी हा प्रकार मुद्दाम सांगायला हवा. शेतजमीन नसलेली कुटुंबे पूर ओसरल्यावर पात्रातली पट्टी धरत, रेतीत खड्डे करून खत घालत, डांगर, टरबूज, काकडी लावत आणि चैत्र-वैशाखात माल बाजारात नेत. सातबाऱ्यावर कधी न चढलेली ही शेती होती. म्हणून ती कमी झाली तेव्हा कुठल्याही कागदावर नुकसान नोंदले गेले नाही. नदीकाठची गावे ओस पडली असे म्हणताना आपण मोजतो ती घरे. काठावरचे हे धंदे आधी गेले, घरे नंतर रिकामी झाली.

काठाच्या या रोजच्या जगण्याला एका माणसाने सार्वजनिक रूप दिले. गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाच्या घरी, पूर्णेच्या सान्निध्यात गेले. पुढे भातकुली तालुक्यातल्या ऋणमोचनच्या पौषातल्या यात्रेत त्यांनी आपल्या कामाचा पाया घातला. पूर्णेच्या निसरड्या दरडीवरून खाली उतरणाऱ्या यात्रेकरूंचे हाल पाहून त्यांनी वाट नीट केली, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घातले आणि पुढे घाट व धर्मशाळा उभ्या राहिल्या. जन्माने परीट असलेल्या माणसाला दरडीवरची वाट नीट करावीशी वाटली, यात नवल नाही. धुण्याचे गाठोडे घेऊन अशी दरड रोज चढणाऱ्यांच्याच घरचा तो होता. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले तेही वलगावजवळ, पूर्णेला मिळणाऱ्या पेढी नदीच्या काठी. ऋणमोचनचा घाट माझ्या युक्तिवादासाठी महत्त्वाचा आहे, कारण तिथे क्रम सरळ आहे. पाणी होते, पाण्यासाठी माणसे येत होती, त्यांची गैरसोय होती आणि म्हणून दगड बसवला गेला.

आजच्या पुनरुज्जीवनाच्या योजनांनी हा क्रम उलटा केला आहे. तीर्थक्षेत्र विकास, पर्यटन किंवा सौंदर्यीकरण या नावांनी निधी येतो तो काँक्रीटच्या पायऱ्या, कठडे, सभामंडप आणि दिव्यांसाठी. वर्धा नदीवरच्या कौंडण्यपुराबाबत हे समजू शकते. रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याचे स्थान आहे, तिथून पंढरपूरला जाणारी पालखी शतकांची आहे आणि मोरेश्वर दीक्षितांच्या उत्खननाने त्याचे प्राचीनत्व सिद्ध केलेले आहे. पण पूर्णाकाठच्या प्रत्येक गावाला रुक्मिणी नाही. ज्या गावाचा नदीशी संबंध हंडा, जाळे आणि डांगर यांतून होता, त्याला पायऱ्या दिल्या तर त्या उतरून ते जाणार कुठे? बाळापूर हे त्याहून समृद्ध ठिकाण. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला, मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची छत्री, एके काळी नावाजलेला कागद. १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेली रेल्वे अशा गावांना बाजूला ठेवून गेली आणि व्यापार अकोला, खामगाव, बडनेऱ्याकडे सरकला. व्यापार गेला तरी बाळापूर संपले नाही. नदीवर पोट असलेली लहान गावे तेव्हाही टिकून राहिली, कारण रेल्वेने त्यांचे पाणी नेले नव्हते. ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. वर धरणे झाली आणि खाली रेती उपसली गेली.

रेतीविषयी थोडे अधिक. वर्तमानपत्रात आज ‘घाट’ हा शब्द दिसला तर शंभरातल्या नव्वद वेळा तो लिलावाचा रेतीघाट असतो. एका शब्दाच्या अर्थात झालेला हा बदल काठाचा सगळा अलीकडचा इतिहास सांगून जातो. रेती बांधकामाला लागते हे खरे. २०२३ साली शासनाने ब्रासला सहाशे रुपये दराने डेपोतून रेती देण्याचे धोरण आणले तेव्हा चर्चा झाली ती दराची, चोरीची आणि महसुलाची. खारपाणपट्ट्यात मात्र रेती हे केवळ गौण खनिज नाही. तिथे ती गावाची गोड्या पाण्याची टाकी आहे. इतर जिल्ह्यांत नदीतली रेती गेली तर विहिरीची पातळी उतरते, माणूस विहीर खोल करतो. इथे विहीर खोल केली तर हाती अधिक खारट पाणी येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो वजनदार आहे. शहानूर, वानसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून नळाचे गोडे पाणी खारपाणपट्ट्यातल्या शेकडो गावांत पोहोचले. आता झिऱ्याची आठवण काढणे म्हणजे बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडा देणे नव्हे काय? तसे कोणी सुचवत असेल तर मी त्याच्या बाजूचा नाही. नळ हा या पट्ट्यातला गेल्या शतकातला सर्वांत मोठा दिलासा आहे. पण नळाने घराची तहान भागते. जनावरे, भाजीपाला, मासे, डांगरवाडी यांची भागत नाही. आणि गावात माणूस टिकतो तो या दुसऱ्या यादीवर. दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. काठ कधीच सगळ्यांचा नव्हता, असे तो म्हणतो. पाणवठे जातींनुसार वाटलेले होते, कोणी वरच्या अंगाला भरायचे आणि कोणी खालच्या. हे निर्विवाद खरे आहे. अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी पंजाबराव देशमुखांना सत्याग्रहात उतरावे लागले, तो काळ फार जुना नाही. म्हणून जुना काठ ‘जसा होता तसा’ परत आणणे हे ध्येय असूच शकत नाही. परंतु आज काठ सोडून जावे लागलेल्यांत भोई, ढीवर आणि भूमिहीन कुटुंबे आघाडीवर आहेत. नदी मेली म्हणून विषमता मेलेली नाही. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांची जमीन राहिली, ज्यांच्याकडे फक्त नदी होती त्यांचे काहीच राहिले नाही.

तिसरा आक्षेप सिंचनाचा. कोरडवाहू कापसाच्या आणि शेतकरी आत्महत्यांच्या प्रदेशात धरणाचे पाणी नदीत सोडा म्हणणे चैनीचे आहे, असे अभियंते म्हणतात. पूर्णेवर नेर-धामणा आणि घुंगशीसारखे बॅरेज याच गरजेतून आले, आणि गोडे पाणी पात्रातच अडवण्याची कल्पना खारपाणपट्ट्यात शहाणपणाची आहे. मात्र बॅरेजच्या वर फुगवटा आणि खाली कोरडी रेती, असे दोन तुकडे झाले तर काठावरची निम्मी गावे पुन्हा तिथेच राहतात. फुगवट्यातल्या गावांना मासेमारीचा हक्क कोणाला, हा प्रश्नही पाण्याबरोबर येतो. तो सोडवायला सिमेंट लागत नाही. डिसेंबरपासून मेपर्यंत किती पाणी आणि कोणत्या तारखांना खाली सोडायचे, हे सिंचनाच्या पाळ्यांसारखेच आधी ठरवता येते.

अकोल्याच्या मोर्णेने अलीकडे एक धडा देऊन ठेवला आहे. जानेवारी २०१८ मध्ये हजारो नागरिक जलकुंभी काढायला पात्रात उतरले. पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला. श्रम खरे होते आणि उत्साहही खरा होता. पण शहराचे सांडपाणी मोर्णेत येतच राहिले आणि जलकुंभी पुन्हा पसरली. शहराला मैलापाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवता येते, लहान गावाकडे तेही नसते. गावाकडे एक गोष्ट मात्र असते, ग्रामसभा. रेतीघाट लिलावात काढण्याआधी तिचे मत विचारण्याची तरतूद शासकीय धोरणात आलेली आहे. खारपाणपट्ट्यापुरते तरी हे मत सल्ला न राहता नकाराधिकार व्हावे, आणि झिऱ्यांच्या व डांगरवाडीच्या जागा आधी नकाशावर आखून लिलावातून वगळाव्यात, एवढीच माझी मागणी आहे. तो नकाशा काढायला उपग्रह नको. कोणत्या वळणावर फेब्रुवारीत पाणी लागते आणि कोणत्या वळणावर मेपर्यंत टिकते, हे ज्यांनी रेतीत टरबुजे पिकवली ती म्हातारी माणसे अजून पूर्णेकाठी आहेत. त्यांना विचारून कागदावर उतरवायचे काम मात्र एका पिढीच्या आत व्हायला हवे.